नापाससाहेबांचे बैल

नापाससाहेबांनी कुठल्याही वस्तूला कधी "छान" म्हटल्याचं मी ऐकलं नाही. त्यांच्याकडची सगळ्यात वरची पदवी "चालते" ही होती. कापड असो, दार असो, कुणाच्या घरची बशी असो, ते आधी तिच्यावरून उजव्या हाताचा अंगठा फिरवत, एका जागी थांबत आणि म्हणत, "इथं आहे." काय आहे ते दुसऱ्याला लगेच दिसत नसे. थोड्या वेळानं दिसे, आणि मग तेवढंच दिसत राही.

त्यांचं आडनाव भुयार. नांदगाव पेठच्या एमआयडीसीत शर्टाचं कापड करणाऱ्या एका कंपनीत ते क्वालिटी विभागाचे मुख्य होते आणि मी त्यांच्या हाताखाली. नापाससाहेब हे नाव कामगारांनी ठेवलं होतं, कारण त्यांच्या टेबलावरून निम्मा माल परत जाई. एकदा कुणीतरी हे नाव गोडाऊनच्या भिंतीवर खडूनं लिहिलं. साहेब तिथून चालले होते. थांबले, वाचलं, खिशातून खडू काढून राहून गेलेला एक काना दिला आणि पुढे गेले. कामगारांना वाटलं होतं चौकशी होईल. चौकशी झाली नाही. पण त्या दिवसापासून त्यांच्या मागं बोलायची मजाच गेली.

त्यांच्या लग्नाची गोष्ट वहिनी स्वतः सांगत. वहिनी तेव्हा अमरावतीलाच शाळेत शिकवत असत. पाहायला आले तेव्हा साहेब पोह्यांच्या बशीकडे न पाहता टेबलावरच्या कापडाकडे पाहत बसले होते. सगळे निघाले तेव्हा हळूच म्हणाले, "याच्यात एक आडवा धागा सुटला आहे." वहिनी म्हणत, "यांनी मले पाह्यलंच नाही. टेबलक्लॉथ पाह्यला. मी म्हटलं, माणूस बरा आहे. निदान काहीतरी नीट पाहते."

तपासणीचं टेबल म्हणजे खालून दिवे लावलेली एक मोठी काच. तिच्यावरून कापड सरकत जाई आणि आम्ही गाठ, डाग, तुटलेला धागा शोधत असू. साहेब माझ्या शेजारी उभे राहून शिकवत. "दोष लपत नाही राऊत, पाहणारा लपते," हे त्यांचं एक वाक्य. मी चार दोष काढले की ते पाचवा दाखवत. रागावत नसत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मग कंपनीनं कॅमेऱ्याचं मशीन आणलं. कापड त्याच्याखालून पळे आणि मशीन दोषाच्या जागी लाल खूण करी. सगळ्यांना वाटलं, साहेब आता भांडतील. त्यांनी आठवडाभर मशीनच्या मागं उभं राहून त्याचं काम पाहिलं आणि म्हणाले, "चालते." मालकांनी खूश होऊन त्यांना बढती दिली. वरच्या मजल्यावर एसी केबिन, पगार वाढला, दारावर पाटी आली. कामाचं म्हणाल तर दिवसभर मशीननं पाठवलेले आकडे पाहायचे. मी एकदा सही घ्यायला गेलो, तर साहेब स्वतःच्या टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत बसले होते. पुढे, मागे. पुढे, मागे. मला पाहून म्हणाले, "फॉर्मायका आहे. काहीच नाही याच्यात."

बैलांची सुरुवात त्याच वर्षी झाली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. लहान पोरं चाकांवरचे लाकडी बैल सजवून घरोघर ओढत नेतात आणि बोजारा मिळवतात, म्हणजे चॉकलेट, खाऊ, एखादं नाणं. साहेबांच्या मुलीच्या बैलाचं चाक चौकातच निघून पडलं. दुकानात तसं चाक मिळेना. कुणीतरी सांगितलं, अकोल्याला जुन्या शहरात गफूरभाई खरादी आहेत. खरादेवर लाकूड फिरवून ते पाळण्याच्या दांड्या, खाटेचे पाय, लाटणी असं सगळं करतात. साहेब रविवारी सकाळी चाक घेऊन गेले आणि संध्याकाळी परतले. चाक दहा मिनिटांचं काम होतं, हे गफूरभाईंनीच मला पुढे सांगितलं. "चाक देल्लं मी. साहेब उठेच ना. मी म्हटलं, चहा पाहिजे का? तर म्हने, नाही, लाकूड पाहिजे."

पुढचे सगळे रविवार अकोल्यात गेले. सोमवारी साहेबांच्या केसांत लाकडाचा भुसा दिसे. मग केबिनच्या ड्रॉवरमध्ये सागवानाचे तुकडे दिसू लागले. आणि उन्हाळ्यात एक दिवस त्यांनी राजीनामा दिला.

एचआरच्या साहेबांनी कारण विचारलं. नापाससाहेब म्हणाले, "बैल." एचआरचे साहेब पुण्याचे. त्यांना वाटलं घरची शेती असणार, वडील थकले असणार. ते फार हळवे होऊन म्हणाले, "मातीची ओढ सुटत नाही हो." साहेब म्हणाले, "मातीचे नाही, लाकडाचे." त्यावर एचआरनी त्यांना महिनाभर पगारी रजा आणि एका डॉक्टरांचं नाव दिलं. साहेबांनी दोन्ही परत केलं.

अमरावतीच्या घरी पोर्चमध्ये खराद बसली. त्यामुळे गाडी रस्त्यावर उन्हात उभी राहू लागली. गल्लीतली माणसं येता-जाता डोकावून म्हणत, "काय साहेब, काय करून राह्यले?" साहेब म्हणत, "बैल करून राह्यलो." "अन् नौकरी?" "सोडली." ती माणसं मग वहिनींना शाळेच्या रस्त्यात गाठून विचारत.

साहेबांचे वडील अंजनगाव सुर्जीजवळच्या गावी राहतात. घरची काळी जमीन, हिंमतीचा माणूस. मुलाला इंजिनीअर केलं याचा त्यांना अभिमान होता. त्यांनी त्याच उन्हाळ्यात ट्रॅक्टर घेतला होता आणि गोठ्यातली शेवटची जोडी विकली होती. मुलानं नोकरी सोडल्याचं कळल्यावर त्यांनी फोनवर एवढंच म्हटलं, "मी बैल इकले, अन् तू साहेबी सोडून बैल करून राह्यला. घर उलटं चालून राह्यलं आपलं." आणि फोन ठेवला. तो पुढं कित्येक महिने उचलला नाही. साहेब दर गुरुवारी लावत.

अडचण लोकांची नव्हती, वडिलांचीही नव्हती. अडचण अंगठ्याची होती. साहेब एक बैल पूर्ण करत, त्याच्यावरून अंगठा फिरवत, वशिंडापाशी किंवा मांडीपाशी थांबत आणि म्हणत, "इथं आहे." मग तो बैल मागच्या फळीवर जाई. पुढची फळी विकायच्या मालाची. ती रिकामी. मागच्या फळीवर इतके बैल झाले की नंतरचे जिन्याखाली ठेवावे लागले. पोळा जवळ आला तशी गिऱ्हाईकं यायला लागली. साहेब त्यांना प्रत्येक बैलाची खोड सविस्तर समजावून सांगत आणि रिकाम्या हातानं परत पाठवत. गफूरभाई एकदा अकोल्याहून मुद्दाम आले, सगळे बैल पाहिले आणि कपाळावर हात मारला. "साहेब, पोट्ट्यायले बैल पाह्यजे, सर्टिफिकेट नाही पाह्यजे." साहेब म्हणाले, "खराब माल दारातून बाहेर नाही काढत मी." गफूरभाई म्हणाले, "मंग दारच कायले ठेवलं?"

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी गेलो तेव्हा वहिनी वह्या तपासत बसल्या होत्या. साहेब समोरच पटाशीला धार लावत होते. वहिनी माझ्याकडे पाहत, पण साहेबांना ऐकू जाईल असं बोलल्या. "माह्या पगारात घर चालते, त्याचं काही नाही. माहेरचे बोलतात, त्याचंबी काही नाही. पण माणूस वर्षभर राबला अन् त्याचा एक बैल उंबऱ्याबाहेर गेला नाही, हे मले पाहवत नाही. उद्या, परवा असे दोन दिवस आहेत. नाही गेला, तर यांनी परत नोकरी धरावी. दुसऱ्या कंपनीचा निरोप आला आहे."

साहेब धार लावायचे थांबले. म्हणाले, "बरोबर आहे." आणि पुन्हा धार लावू लागले. त्यांचा चेहरा तसाच होता, पण पाणी संपून दगड कोरडा पडला होता आणि ते तसेच घासत होते.

दुसऱ्या दिवशी, ऐन पोळ्याला, मी सकाळीच गेलो. कंपनीला सुटी होती आणि मला घरी बसवत नव्हतं. थोड्या वेळानं फाटकाशी साहेबांचे वडील उभे. पांढरा पायजमा, टोपी, हातात कापडी पिशवी. पहिल्या बसनं आले होते. वहिनी वाकून पाया पडल्या. साहेब उठून उभे राहिले. म्हातारा दोघांच्या मधून पुढं झाला. पोर्चमध्ये आला, पुढची रिकामी फळी पाहिली, मागची भरलेली पाहिली. मग चपला काढल्या, हे मला अजून आठवतं, आणि मागच्या फळीवरचा एक बैल दोन्ही हातांनी उचलला.

"बाबा, तो नापास आहे," साहेब म्हणाले. "शिंग पाहा. उजवं खाली गेलं आहे."

"दिसते मले."

"दुसरा देतो."

"मोत्याचं असंच होतं," म्हातारा म्हणाला. "उजवं शिंग खाली. त्याच शिंगाले धरून तू पाठीवर चढे. इसरला का?"

वडिलांनी बैल पिशवीत ठेवला, शिंग बाहेर राहिलं. वहिनींनी चहा आणला तर म्हणाले, "पोयाची पूजा राह्यली, सूनबाई. बस निघून जाईन." पाणी तेवढं प्याले. फाटकाशी जाऊन, पाठमोरेच म्हणाले, "यंदा गोठा खाली आहे. पोयाच्या दिवशी खाली गोठा बरा नाही दिसत."

ते वळणावरून दिसेनासे होईपर्यंत साहेब फाटकाशी उभे होते. मग आत आले, डोळे पुसले, कारण सांगितलं की भुसा गेला. खराद सकाळपासून बंद होती. वहिनींनी आणि मी बाहेरच्या खोलीतलं टेबल रस्त्यावर नेलं. साहेबांनी जिन्याखालचे बैल एकेक करून त्यावर मांडले. सवय मात्र सुटली नव्हती. गिऱ्हाईक आलं की सांगत, "याचा डावा कान लहान आहे. याची पाठ जरा बसली आहे." आणि मग एक गोष्ट होऊ लागली. माणसं ऐकत, थांबत, बैल हातात घेत. एक बाई म्हणाल्या, "आमच्या पाखऱ्याचा कान कुत्र्यानं तोडला होता, हाच द्या." एका मास्तरांनी पाठ बसलेला नेला. त्यांच्या वडिलांचा बैल म्हातारपणी तसाच झाला होता म्हणे. नातवासाठी घ्यायला आलेली माणसं स्वतःसाठी घेऊन गेली. तान्ह्या पोळ्याच्या दुपारी टेबल रिकामं झालं. वहिनींनी दुसऱ्या कंपनीचा निरोप पुन्हा काढला नाही.

पुढच्या वर्षी दर्यापूरहून, अचलपूरहून लोक आधीच येऊन सांगू लागले. कुणाला कपाळावर भवरा पाहिजे, कुणाला मागचा पाय आखूड. गावोगाव गोठे रिकामे झाले होते आणि प्रत्येकाला आपला बैल त्याच्या खोडीसकट आठवत होता. साहेब समोर बसवून विचारत, "लंगडत होता तो चालताना की उभा असतानाही?" माणूस सांगता सांगता उठून तसं चालून दाखवी. साहेब थांबत. घाई करत नसत. आता त्यांचा अंगठा फिरे तो खोड बरोबर जागी आली का हे पाहायला. नसली तर बैल नापास. मागची फळी तशीही भरलेलीच राहिली. बाकीचे महिने ते लाटणी करत. आमच्या कॉलनीतल्या एकाही घरात विकतचं लाटणं नाही, आणि त्याबद्दल तक्रार करायला अजून कुणी गेलेलं नाही.

मागच्या हिवाळ्यात गफूरभाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अस्पष्ट झालं. मुलांचं मोबाइलचं दुकान, त्यांना खराद विकून जागा मोकळी करायची होती. मुलांचंही चूक नव्हतं. साहेब भेटायला गेले. गफूरभाई रडत होते आणि काय म्हणतात ते घरात कुणाला कळत नव्हतं. साहेबांना कळलं. परत येऊन त्यांनी वहिनींना सांगितलं, "गफूरभाई म्हणतात, खरादेचा आवाज बंद झाला तर झोप नाही येत." वहिनींनी त्या उन्हाळ्यात अकोल्याच्या एका शाळेत अर्ज केला. टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा मी मदतीला होतो. साहेबांनी मला मिठी वगैरे मारली नाही. टेम्पोच्या दोरीची गाठ तपासली, सोडली, पुन्हा बांधली आणि म्हणाले, "येत जा राऊत."

मी गेलो दिवाळीनंतर. जुन्या शहरातली ती अरुंद गल्ली. साहेब खरादेवर बसलेले, बाजूला खुर्चीत शाल पांघरून गफूरभाई. मी दारातूनच ओरडून विचारलं, "साहेब, कसे आहात?" गफूरभाई अर्ध्या तोंडानं रागारागानं काहीतरी बोलले. साहेबांनी मान वर न करता मला सांगितलं, "म्हणतात, काम चालू असताना बोलू नका, बोट जाईल." मी दारातच थांबलो. लाकडाची पांढरी सालं उडत होती. गफूरभाईंचा डावा हात मांडीवर खरादेच्या तालात हलत होता. काम संपलं, साहेबांनी ते लाकूड गफूरभाईंच्या डाव्या हातात दिलं, त्यांनी डोळे मिटून चाचपलं आणि नाही अशी मान हलवली. साहेबांनी ते परत खरादेवर चढवलं.

तोवर माझी अमरावतीची बस निघून गेली होती. मी तसं म्हटलं. साहेब म्हणाले, "मागं अजून एक बस आहे," आणि माझ्या हातात घासायचा कागद आणि एक कच्चा बैल दिला. मी खाली पोत्यावर बसलो आणि घासू लागलो. थोड्या वेळानं गफूरभाई काहीतरी बोलले. मी साहेबांकडे पाहिलं.

"विचारतात," साहेब म्हणाले, "पोट्टा उद्याबी येते का?"