कानसेनाचा उजवा कान

पुलापाशी आल्यावर त्याने पुन्हा बाजू बदलली. तोंडाची वाकडी झालेली उजवी बाजू भिंतीकडे आणि ताई डावीकडे.

"सारखा पायात काय येतोस रे?" ताई करवादली. "दाखव, त्या भिंतीलाच दाखव तोंड. ती काही नावं ठेवायची नाही!"

दवाखान्यातलं कानासाठीचं रोजचं इंजेक्शन घेऊन दोघं घरी निघाली होती. बसमध्ये लोक टक लावून बघतात, म्हणून पायी.

शिलाई मशीन दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. चालत्या मशीनला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मुठीला कान लावायचा, की बिघाड सापडलाच. त्यावरून त्याचं नाव पडलं कानसेन. पण कान खाजला की तेच टोक तो कानात फिरवायचा. त्यात अंगात मधुमेह. ओरखडा चिघळला, पू झाला, दुखणं कानामागच्या हाडात उतरलं आणि चेहऱ्याची नस लुळी पडली.

ताईचा राग अजून उतरला नव्हता. "ती डॉक्टरीणबाई म्हणे, साखर ताब्यात आहे, औषधही योग्य आहे, तरी हाड सुधारत नाही, आता ऑपरेशनचं बघू! मीही सोडलं नाही बाईला. सगळ्यांसमोर म्हटलं, तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा!"

त्याने मान खाली घातली. ताई भांडत होती तेव्हाही मान अशीच खाली होती. डॉक्टरीणबाईंचा चेहरा पडला होता, आणि हा आपला चपलेचा अंगठा बघत बसला होता.

"ताई, साखर ताब्यात नाही."

"काय?"

"घरचं इन्सुलिन मी घेतच नाही. एकदा ते घेऊन कामावर गेलो, जेवायला उशीर झाला आणि हात असे थरथरले की गिऱ्हाइकासमोर सुईसुद्धा बसवता येईना. लोक हसले. तेव्हापासून डोस बेसिनमध्ये सोडतो. तपासणीच्या आदल्या दिवशी उपाशी राहतो, मग आकडा सरळ येतो."

ताई मटकन पुलाच्या कठड्यावर बसली. सकाळीच देवापुढे हात जोडून तिने मागणं मागितलं होतं, डॉक्टरांच्या हाताला यश दे.

"आणि बाई सांगत होत्या ना," तो पुढे म्हणाला, "साखर वाढलेली असली की जंतूंचं फावतं, मग औषध तरी काय करणार? मी ऐकलं होतं. चांगल्या कानाने."

"मेल्या! अरे, मी त्या बाईला नाही नाही ते बोलले रे!"

"मी बोलू दिलं."

ती पदराने तोंड पुसू लागली. तो भिंतीकडून निघून तिच्या समोर आला. वाकडं तोंड, न मिटणारा डोळा, सगळं उघड्यावर.

"ताई, ऊठ. परत दवाखान्यात चल. सांगेन मीच, सगळ्यांसमोर सांगेन. तू फक्त शेजारी उभी राहा, आणि माझी जीभ अडखळली तर माझ्या वतीने एक शब्दही बोलू नकोस."