मोकळ्या जागेचे फोटो

मे महिन्यात शाळेचे वर्ग रिकामे असतात, म्हणून तिथे कायमच्या गाड्या लावायचं कुणी ठरवलं, तर तुम्हाला चालेल का?

आमच्या गावात साधारण तेच ठरत होतं. जुलै होता, मासेमारी बंद होती आणि कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी गुंडाळून मी किनाऱ्यावरच्या खळ्यावर उभी होते. खळं म्हणजे मासळी सुकवायची जागा. सीझनमध्ये कोळणी ती शेणाने सारवतात आणि तिच्यावर जवळा पसरतात. पावसात तिथे चिखल आणि दोन कुत्री.

दिघीच्या रस्त्याला माझा छोटा स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्नं आणि अधूनमधून पंचायतीचं काम. सरपंचांना खळ्यावर पर्यटकांच्या गाड्यांसाठी पार्किंग करायचं होतं. प्रस्तावाला ‘जागेची सद्यस्थिती’ दाखवणारे फोटो जोडायचे होते. वाइड लेन्स लाव, असं त्यांनी फोनवर बजावलं. या लेन्समधून जागा आहे त्यापेक्षा ऐसपैस दिसते. सरपंचांचा अभ्यास पाहून मला कौतुक वाटलं.

रिकाम्या खळ्याचा, त्या दोन कुत्र्यांसकट, एक फोटो काढला आणि कोळीवाड्यात गेले. माझं बालपण चळवळीची पत्रकं वाटण्यात गेलंय, त्यामुळे मी थेट जमिनीच्या हक्कांवर सुरू झाले. खळ्यावर जवळा सुकवणारी जनाबाय भाकऱ्या थापत होती. तिने मला अर्ध्यातच थांबवलं.

“बाय, भाषान ऱ्हाऊ दे. आमचे फोटू काढशील का न्हाय?”

बायका छत्र्या घेऊन खळ्यावर आल्या. ओळीत उभ्या राहा म्हटलं, कुणी ऐकलं नाही. जी ती आपापल्या जागेवर जाऊन बसली. जमिनीवर एकही रेघ नव्हती, पण सासूकडून आलेली जागा प्रत्येकीच्या पायांना पाठ. मी एकेकीचं पोर्ट्रेट काढत निघाले. मागे समुद्र, पुढे चिखल आणि चेहऱ्यावर घरमालकिणीचा तोरा.

हिराबायपाशी काम अडलं. ही माझ्या जागेत हातभर आत बसलीय, अशी जनाबायची तक्रार. गेल्या वर्षी तुझाच जवळा माझ्यात आला होता, हे हिराबायचं उत्तर. दोघी उठून जमिनीकडे बोटं नाचवायला लागल्या. मी बटण दाबत राहिले.

सगळे फोटो पंचायतीत दिले. सरपंच वैतागले. “यात बायका कशाला?”

“सद्यस्थितीत होत्या,” मी म्हटलं.

ग्रामसभेत त्यांनी पडद्यावर फक्त कुत्र्यांचा फोटो लावला. जागा मोकळी आहे, कुणाच्या वापरात नाही, असं माइकवरून सांगितलं. पण बायकांनी स्टुडिओतून आपापल्या प्रिंट नेल्या होत्या. जनाबाय उठली आणि भांडणाचा फोटो तिने सरपंचांच्या पुढ्यात धरला.

“दादा, तूच बग. ही माज्यात बसलीय का न्हाय?”

हिराबाय मागोमाग आलीच. सरपंच याच वाड्यातले. हे भांडण दर सीझनला तेच मिटवतात. त्यांनी सवयीने चष्मा लावला.

“किती येला सांगू गो तुमाला? खांबापावत जनाबायचा. पुढं हिराबायचा. त्याचे पलीकडं माजे आयशीचा.”

माइक चालूच होता. मग मागून कुणीतरी अगदी आदराने विचारलं, “मग मोकळी जागा कुठली, सरपंच?”

पार्किंगचा विषय तहकूब झाला. रद्द नाही, तहकूब. म्हणजे पुढच्या पावसात तो पुन्हा उगवणार. जनाबाय आणि हिराबाय अजून एकमेकींशी बोलत नाहीत.

एक शिकले. कुत्र्यांच्या त्या फोटोत खोटं काहीच नव्हतं. तो फक्त जुलैतला होता.

तेव्हा एक विनंती. तुमच्या गावात अशी जागा असेल, तर ती भरलेली असताना फोटो काढा. मोबाइल चालेल. तिथली माणसं आपापल्या जागी बसवा, मागे त्यांची नावं आणि महिना लिहा, आणि एकेक प्रिंट त्यांच्या हातात द्या. ग्रामसभेआधी.