उंटाची उसळ

एकदा मी उंट वालाच्या उसळीत घालून शिजवला.

माझी शाळा चौथीपर्यंत. बुद्धिबळातलं मला काय कळणार? आमच्या पटावरचा एक उंट हरवला होता आणि त्याच्या जागी ह्यांनी फणसाची आठळी ठेवली होती. हे मला कोणी सांगायचं? शेजारीच सुपात आठळ्या वाळत होत्या. मला वाटलं, एखादी घरंगळली. उचलली, सोलली, टाकली उसळीत!

आणि डाव तरी कसला? रत्नागिरीत तेव्हा नुकते टीव्ही आले होते. सगळी आळी टीव्हीपुढे, आणि हे नि शेजारचे अण्णाभावजी आमच्या पडवीत पटापुढे! अकरा वर्षं हे अण्णाभावजींकडून हरत होते. एकदाही जिंकले नव्हते. शेवटी ह्यांनी कुठूनसं एक जुनं पुस्तक आणलं. त्यात शंभरेक वर्षांपूर्वीच्या कुणा गोऱ्याचा डाव होता.

"बघ गो," हे मला ऐकवायचे, "घाई म्हणून नाही! घोडे, उंट, हत्ती आधी जागेवर आणले, मग एकदम तुटून पडला!"

झालं! हेही तयारीला लागले. एक प्यादं सारायला एक संध्याकाळ. तीन आठवडे नुसती तयारी! (तेवढ्यात माझे दोनशे फणसाचे पापड लाटून झाले.)

हल्ल्याच्या दिवशी अण्णाभावजी आमच्याकडेच जेवायला होते.

"आज तुझं काही खरं नाही," हे त्यांना म्हणाले. "पटावर ती आठळी आहे ना, सगळा जोर त्या उंटाचा!"

माझ्या हातातली पळी हवेतच राहिली.

"बघू, बघू," अण्णाभावजी म्हणाले. "वहिनी, उसळ फक्कड झालीय. आठळ्या वाढा अजून!"

मी पडवीत धावले. सुपातली दुसरी आठळी पटावर ठेवली. कुठल्या घरात? दिसलं रिकामं त्या!

जेवून उठल्यावर ह्यांनी पटाकडे नीट बघितलंसुद्धा नाही. डाव तोंडपाठ! वजीर उचलला आणि थेट राजाला भिडवला.

"शह आणि मात!"

अण्णाभावजींच्या राजाने सरळ वजीर मारला.

"अरे, उंटाचा जोर आहे त्याला!"

"कुठला उंट? तो बघ, कोपऱ्यात बसलाय!"

"तू हलवलास!"

"मी तुझ्यासमोर उसळ खात होतो रे!"

शेवटी दोघांनी मिळून आमच्या बोक्याला दोषी ठरवलं. आठ दिवस त्याचं दूध बंद! मी त्याला गुपचूप बांगड्याची डोकी घालत राहिले.

हे अजून अण्णाभावजींकडून हरतात आणि अजून त्या बोक्याला शिव्या घालतात. मी ह्यांना खरं सांगणार आहे. पण घाई म्हणून नाही! चाळीस वर्षं तयारी चालू आहे.