पॉइंट एक पाच

मुखेडजवळच्या आमच्या शाळेत मी खिचडी शिजवते. चुलीसमोरच पाचवीचा वर्ग, त्यामुळं गणिताच्या बाई रोज दिसतात. अंगानं बारीक, पण आवाज खणखणीत. दशांश शिकवताना कुणी "पॉइंट पंधरा" म्हटलं की डस्टर टेबलावर आपटतात. "पंधरा कुठून आलं? एक पाच म्हण. एक दशांश, पाच शतांश." उत्तर चुकलं तरी सांगत मात्र नाहीत. पोरांना सापडेपर्यंत खिडकीबाहेर बघत उभ्या राहतात. मला वाटायचं, सांगून टाकलं तर काय जातंय?

खेळाच्या दिवशी पोरींची लांब उडी झाली. सरपंचांनी माइकवर निकाल वाचला, "दोन पॉइंट चार मीटर, दुसरा नंबर. दोन पॉइंट पंधरा मीटर, पहिला नंबर!"

पहिली आली माझी लेक, बाईंच्याच पाचवीच्या वर्गातली. मी हरखून बाईंकडं पाहिलं, तर त्या लिंबाच्या झाडाकडं बघत उभ्या, वर्गात राहतात तशा.

लेक पुढं गेली, पण कपाला हात लावला नाही. "काका, माझा दुसरा नंबर हाय. एक पाच म्हंजे दशांश एकच. तिचे तर चार हायत."

सरपंच गोंधळले. बाई वळल्या. "बरोबर हाय तिचं," एवढंच म्हणाल्या आणि पदरानं चष्मा पुसत राहिल्या.

घरी येताना मी विचारलं, "कितीनं हुकलं गं?"

"पॉइंट दोन पाच मीटरनं. पुढच्या साली काढते की भरून," लेक म्हणाली, अगदी बाईंच्या खणखणीत आवाजात.