हातमोज्यातली काकडी

किस्से जमवायचे, असे मी कधीच ठरवले नव्हते. मी फक्त नोंदी ठेवत होते: काय अपेक्षित होते, आणि काय घडले. पण एम.ई.च्या प्रकल्पासाठी सातपूरच्या एका लहान कारखान्यात दीड वर्ष काढले आणि पाहिले, तर 'काय घडले' या रकान्यात किस्सेच किस्से साठलेले! मैत्रिणींना सांगते तेव्हा त्या हसतात. मीही हसते, फक्त हसताना माझे हात नकळत मांडीखाली जातात.

आधी काम काय होते ते सांगते. पत्रा कापणाऱ्या प्रेसचा प्रोग्राम हाताने लिहायचा नाही, नुसते चित्र काढायचे, अशी आमची पद्धत होती. चित्रातला चौकोन म्हणजे प्रेसची अवस्था, 'वर', 'खाली', 'थांबा'. आणि बाण म्हणजे एका अवस्थेतून दुसरीत कोणत्या अटीवर जायचे ते. या चित्राला आम्ही मॉडेल म्हणत असू. अश्विन या माझ्या सहकाऱ्याने लिहिलेले टूल त्या मॉडेलचे आपोआप प्रोग्राममध्ये रूपांतर करी. ते रूपांतर कसे व्हावे याचे नियम लिहिणे, आणि ते तसेच होते का हे तपासणे, एवढे माझे काम.

कारखान्याचे मालक वाघ सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "आपल्याकडे चूक होणारच नाही. चूक माणूस करतो. इथे मध्ये माणूसच नाही!"

शेजारच्या प्रेसवरून डेर्ले मामांनी डावा हात वर केला. त्याला चारच बोटे होती.

"मी हाय की, साहेब!"

* * *

मामा सायखेड्याहून रोज एसटीने येत. त्यांची करंगळी एका जुन्या प्रेसने घेतली होती. नव्या प्रेससमोर प्रकाशाचा एक किरण होता. हात आत गेला की किरण तुटायचा, आणि मग पेडल दाबले तरी प्रेस खाली येता कामा नये, अशी अट होती.

पहिल्या चाचणीला मामांनी हातमोज्यात एक काकडी घालून आणली.

"हे काय?" मी विचारले.

"बोट हाय. वावरातलं."

त्यांनी हातमोजा आत ठेवला आणि पेडल दाबले. कचकन आवाज झाला.

अश्विनने तासभर शोध घेतला. 'वर' या चौकोनातून दोन बाण निघत होते, एक 'खाली'कडे, दुसरा 'थांबा'कडे. टूलने ते एकच समजून पहिला ठेवला. किरणाची अट दुसऱ्यावर होती.

"काही मोठं नाही," तो म्हणाला, "एकच बाण गळला."

मामा हातमोजा झटकत होते. "एकच गळतो, दादा. करंगळीबी एकच व्हती."

* * *

त्या दिवशी मी पहिला नियम लिहिला: चित्रातला प्रत्येक बाण प्रोग्राममध्ये सापडलाच पाहिजे. दोन आठवडे मी तऱ्हेतऱ्हेची चित्रे टूलमधून काढली आणि एकूण एक बाण मोजला. सगळे जागेवर होते. जेवणाच्या सुट्टीत, जरा अभिमानानेच, मी मामांना हे सांगितले.

ते भाकरी मोडता मोडता थांबले. "म्हंजी चित्रात हाय ते समदं मशीन करतं?"

"हो, मामा. सगळं."

"आन चित्रात नाय ते करत नाय, हे कोनी पाह्यलं?"

कोणीच पाहिले नव्हते!

डबा तसाच ठेवून मी उलट दिशेने तपासायला बसले. प्रोग्राममध्ये एक बाण जास्तीचा निघाला. चित्रात कुठेच नसलेला, 'थांबा'कडून थेट 'खाली'कडे जाणारा.

"तो मीच टूलमध्ये घातलाय," अश्विन म्हणाला. "मशीन अडकून पडू नये म्हणून. चांगल्या हेतूने!"

त्यानंतर चांगल्या हेतूची मला फार भीती वाटू लागली.

* * *

प्रेसवर प्रयोग नकोत, म्हणून काही दिवस आम्ही गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा पंप चालवून पाहिला. एकदा वीज गेली आणि परत आली. टाकी काठोकाठ भरलेली होती, तरी पंप आपोआप सुरू झाला! नेमके खाली वाघ सर उभे होते, नवा सफारी घालून.

कारण साधे होते. वीज आल्यावर कोणत्या अवस्थेपासून सुरुवात करायची हे चित्रात लिहिलेले नसे. जो चौकोन आधी काढला, तोच टूल पहिला धरत असे. अश्विनने 'पंप चालू' आधी काढला होता.

"हे टूलनेच तपासावं, असा नियम करू या," मी म्हणाले.

सर शर्ट पिळत होते. "चित्र काढणारी माणसं दोन. लक्षात ठेवा ना!"

मी वहीत लिहिले: 'तोंडी ठरले.'

* * *

पुण्याचे ग्राहक प्रेस पाहायला येणार, तर आदल्या दिवशी सरांना प्रेसचे चित्र ओबडधोबड वाटू लागले. अश्विनने ते नव्याने काढले. रांग सरळ यावी म्हणून सगळ्यात खालचा, 'खाली'चा चौकोन आधी, मग त्याच्या वर दुसरा, मग तिसरा. रंगही भरले. फार देखणे दिसत होते.

मी दोन्ही दिशांनी पुन्हा तपासले. गळलेला बाण नाही, जास्तीचा नाही. 'चुका: शून्य.' सही करताना मी खाली कंसात लिहिले, '(लिहिलेल्या नियमांपुरते.)'

सरांनी झेरॉक्स काढताना कागद जरा खाली सरकवला. कंस कापला गेला.

* * *

दुसऱ्या दिवशी मामांची काकडी दहा वेळा आत गेली आणि दहा वेळा अख्खी बाहेर आली. ग्राहकांनी टाळ्या वाजवल्या.

"मामा, आता हात घालून दाखवा," सर म्हणाले. "यांची खात्री पटेल."

मी मध्ये पडले. "सर, नको..."

"का? सही तुमचीच आहे ना?"

मामांनी माझ्याकडे पाहिले. "ताई, तुमी लिवता कंच्या हातानं?"

"उजव्या."

"मी जेवतो उजव्यानं. मंग दोघं डावा घालू. तुमचा माझ्या शेजारी."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. मी डावा हात पुढे केला. किरणाच्या वीतभर अलीकडे तो आपोआप थांबला.

"दम धरा," मामा म्हणाले. "एक राह्यलं. आमच्याकडं लाईट लय जाती."

त्यांनी काकडीचा हातमोजा पुन्हा आत ठेवला, भिंतीपाशी गेले आणि मेन स्विच खाली ओढला. प्रेसची घरघर थांबली. जरा वेळाने त्यांनी स्विच वर केला.

पेडलवर कोणाचाही पाय नव्हता. प्रेस खाली आली.

मामांनी पुन्हा स्विच ओढला, हातमोजा बाहेर काढला, उलटा केला. काकडीचा अर्धा तुकडा शाबूत होता. माझा डावा हात अजून तसाच पुढे होता. त्यावर त्यांनी तो तुकडा ठेवला.

"खा, ताई. मीठ हाय डब्यात."