घासलेली कड

दोन मार्चला ओतशाळेच्या मालकाने मास्तरांना चौतीस वर्षांच्या नोकरीचे ४१,६७५ रुपये मोजून दिले आणि वर म्हणाला, जाण्याआधी एवढी शेवटची ऑर्डर मार्गी लावा. दोनशे शोभेचे तेलाचे दिवे, बिडाचे, अंगभर वेलबुट्टी, गळ्यात बसणारी काचेची चिमणी. दिवाणखान्यात मांडायचे, पेटवायचे कुणीच नाही. मास्तरांनी पैसे त्याच दिवशी लेकीला पाठवले. तिने त्यांच्यासाठी माडीवरची खोली दुरुस्तीला काढली होती.

दिव्याचा लाकडी नमुना वाळूत दाबून साचा घ्यायचा, तर तो कपाटात तडकलेला निघाला. नवा कोरायला आठ दिवस लागले असते, आणि मास्तरांचे मन तर केव्हाच लेकीकडे पोचले होते. त्यांनी फळीवरचा पूर्वी ओतलेला दिवा उचलला आणि तोच वाळूत दाबला. बीड थंड होताना आकसते, म्हणून नमुना केसभर मोठा ठेवायचा, हे त्यांनीच आजवर नवख्यांना कान पिळून शिकवले होते. दोनशे दिवे ओतून झाले आणि एकाच्याही गळ्यात काच बसेना.

मालक ओरडला नाही. एक काच हातात फिरवत राहिला.

“नुकसान तुमच्या पैशांतून वळतं करू का, मास्तर?”

“पैसे खोलीच्या छपरात गेले.”

“मग बसा घासत.”

मास्तर कानस घेऊन बसले. दिवसाला चार गळे रुंद व्हायचे, पाचव्याला बोटे दाद देत नसत. ओतकामवाले जाता-येता टोमणे मारत, आम्ही निरोपाचे भाषण पाठ करून ठेवलेय, विसरायच्या आत जा बघू. मास्तरही हसत. तयार झालेले दिवे दर आठवड्याला दुकानात जात होते. मे निम्मा सरला तेव्हा शेवटचा दिवा पुसून त्यांनी ट्रंक बांधली.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराचा फोन आला. काळ्या दिव्याच्या गळ्याशी घासलेली ती चकाकती कड लोकांना भलतीच आवडली होती. आणखी पाचशे हवेत, अगदी तस्सेच. ओतशाळेतल्या दोघा-तिघांनी घासून पाहिले, कुणालाच ती कड साधेना.

“तुमच्या चुकीला गिऱ्हाईक मिळालंय,” मालक म्हणाला, “आता पाठ कशी फिरवता?”

मास्तरांनी लेकीला फोन केला.

“बाबा, खोली भाड्याने दिलीय. वर्षाचा करार झालाय. रिकामी तरी किती दिवस ठेवणार होते?”

बरे केलेस, असे म्हणून त्यांनी ट्रंक सोडली आणि कामाचा सदरा वर काढला. जुन्या कानशी झिजल्या होत्या. हार्डवेअरच्या दुकानातून दोन नव्या उधारीवर आणल्या. त्यांचे साठ रुपये अजून द्यायचे आहेत.