आत्याबाईंची आन

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, जावयासमोर पाणीसुद्धा प्यायच्या नाहीत. हे मी काही तिखटमीठ लावून सांगत नाही. कारंज्याहून जावई आले की डोक्यावरचा पदर नाकापर्यंत उतरायचा, आणि त्यांच्याशी बोलायचं झालंच तर आत्याबाई भिंतीला सांगायच्या. "जावायाले म्हना, भाकर घ्या अजून." आता भिंत काय वाढणार, कपाळ! मीच वाढायची. आमच्या वाशिमकडच्या शिरपूरच्या आसपास तेव्हा सगळ्याच सासवा अशा, पण आमच्या त्यातल्या सवाई होत्या.

माझ्याशी मात्र त्यांची जीभ कोंबड्याच्या आधी उठायची. "काहून वं, आंगन झाडून राह्यली का कुरवाळून राह्यली?" माझ्या लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. मला त्यांचा भयंकर राग यायचा. आणि मी माहेरची आठवण काढून रडले की त्याच गुपचूप माझ्या ताटात लोण्याचा गोळा टाकायच्या, वर म्हणायच्या, "खाय, नाई तं मांजर खाईन." असं आमचं चाललं होतं.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशिम तेव्हा जिल्हा नव्हता, आम्ही अकोल्यात मोडायचो. कापसाची वेचणी ऐन रंगात असताना आत्याबाईंचं पोट दुखायला लागलं. ओवा झाला, हिंग झाला, पोट शेकून झालं. पोट फुगतच चाललं आणि उलट्या थांबेनात, तेव्हा त्यांना गाडीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आतड्याला पीळ पडलाय. त्याच दिवशी त्यांनी पोट उघडलं, काळा पडलेला तुकडा कापून काढला आणि दोन्ही टोकं जोडली.

हे डॉक्टर नागपूरला शिकलेले, तरुण, आणि एका गोष्टीचं वेड घेतलेले. त्यांचे मोठे गुरुजी म्हणायचे, आतड्याची ऑपरेशनं अशा लहान जागी करू नयेत, रोगी वाचत नाहीत. डॉक्टर म्हणायचे, अहो, आधी बघा तर खरं! कोण वाचलं, कोण गेलं, वाचलेला घरी जाऊन भाकर खातो का, घागर उचलतो का, कोणी पाहिलंय? म्हणून पोटाच्या प्रत्येक रोग्याला ते काही महिन्यांनी परत बोलवायचे. कोणी आलं नाही, तर स्वतः एसटीत बसून त्याच्या गावी जायचे. मंगरूळपीरकडच्या एका म्हाताऱ्याला तर त्यांनी वावरात गाठून पोट दाखवायला लावलं होतं. लोक म्हणायचे, "डाक्टर हाय का सोयरा?"

"आता एकाच गोष्टीची वाट पाहायची," डॉक्टर आम्हाला म्हणाले. "वारा सरला पाहिजे. खालून हवा गेली की समजायचं, आतडं चालू झालं. तोवर पाण्याचा थेंब द्यायचा नाही." नाकात नळी, हाताला सलाईन, आणि ओठांवर ओला कापूस फिरवायला मी.

माझ्या नवऱ्याला वेचणी सोडून राहता येईना. नणंद बाळंतपणाला टेकलेली, म्हणून तिच्याऐवजी जावई आले. फार गुणी माणूस! दुकान भावाच्या हवाली करून खाटेपाशी ठाण मांडून बसले. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ येऊन खणखणीत आवाजात विचारायचे, "वारा सरला का बाई?" जावई हात जोडून उभे, आणि आत्याबाई नाकातल्या नळीवरून पदर ओढून नाही म्हणून मान हलवायच्या.

एका दुपारी जावई आंघोळीला गेले. मी खाटेखाली सतरंजीवर पडलेली. आणि वरून आवाज आला. मी ताडकन उठले. असा आनंद मला माझं लग्न ठरलं तेव्हाही झाला नव्हता. सिस्टरला सांगायला निघाले, तर आत्याबाईंनी मनगट धरलं.

"कुठी चालली?"

"सिस्टरला सांगते ना!"

"अजिबात नाई. थे डाक्टरले सांगन, डाक्टर जावायासमोर बोंबलन. साऱ्या कारंज्यात होईन. तुले माही आन हाय."

आन म्हणजे शपथ. ज्याची आन घातली, ती मोडली तर ते माणूस मरतं, अशी आमच्याकडची पक्की समजूत. आणि ज्यानं घातली त्यानं आपल्या तोंडानं 'सुटली' म्हटल्याशिवाय आन सुटत नाही. मी हसून सोडून दिलं असतं असं आज तुम्हाला वाटेल. तेव्हा माझा पूर्ण विश्वास होता. मी परत सतरंजीवर जाऊन बसले.

संध्याकाळी डॉक्टरांनी विचारलं, आत्याबाईंनी मान हलवली. नाही! डॉक्टरांचा चेहरा उतरला. अंगात ताप होता, पोट अजून जरा फुगलेलं होतं. ते जावयांना म्हणाले, "आतला जोड सुटला असेल तर पुन्हा पोट उघडावं लागेल. त्या फार अशक्त झाल्यात. दुसरं ऑपरेशन झेपेल असं मी सांगू शकत नाही. सकाळपर्यंत वाट पाहू."

जावई तोंड धुवायला गेले तसं मी आत्याबाईंच्या कानाशी गेले. "आत्याबाई, पुन्हा पोट फाडतील हो!"

"फाडू दे. एकडाव फाडलंच हाय."

काय म्हणावं या बाईला! इकडे आड, तिकडे विहीर. बोलले तर माझ्या तोंडानं जाणार, नाही बोलले तर सुरीखाली जाणार. आणि सगळं कशासाठी, तर जावयाला कळू नये की सासूला पोट आहे!

सकाळी स्ट्रेचर आलं. डॉक्टरांनी जावयांपुढे सहीचा कागद धरला. जावयांनी भरल्या डोळ्यांनी पेनाचं टोपण काढलं. त्यांच्यासमोर मी कधी मान वर केली नव्हती. त्या दिवशी मात्र पदर डोक्यावरून पडला तरी भान राहिलं नाही.

"नोका करू सही!" मी ओरडले. "सरला! काल दुपारीच सरला! म्या माह्या कानानं ऐकला!"

सगळा वॉर्ड आमच्याकडे वळला. मग शेजारच्या खाटेवरची म्हातारी शांतपणे म्हणाली, "हाव, म्याबी ऐकला. मोठा व्हता."

डॉक्टर मटकन खाटेवर बसले आणि कपाळाला हात लावून हसायला लागले. मग त्यांनी आत्याबाईंना पुन्हा नीट तपासलं, पोटाला कानातली नळी लावून कितीतरी वेळ ऐकलं. ताप छातीतल्या कफाचा निघाला. स्ट्रेचर रिकामं परत गेलं. त्या दिवसापासून हा प्रश्न विचारण्याआधी डॉक्टर सगळ्या नातेवाइकांना बाहेर काढायला लागले, जावयांना सगळ्यांत आधी.

जावई हातातलं पेन खिशात घालत सासूला मोठ्यानं म्हणाले, "काय झालं मामीजी? मी चहा प्याले गेलतो, मले काईच ऐकू आलं नाई." समोर उभा राहून असं बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पण आत्याबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं. घरी आल्यावरही नाही. अंगण कसंही झाडा, एक शब्द नाही. मला त्यांच्या शिव्या हव्या होत्या हो! आणि आन तर मोडलेलीच होती. त्या खोकल्या की माझी तव्यावरची भाकर करपायची. दुपारी त्या झोपल्या की मी नाकाशी हात धरून श्वास बघायची. माझ्या घशाखाली घास उतरेना. 'सुटली म्हणा' असं मागायचं कोणत्या तोंडानं?

संक्रांतीनंतर डॉक्टरांचं बोलावणं आलं. जावई मुद्दाम कारंज्याहून आले. डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आतच ते उठले. "मी चहा पिऊन येतो," म्हणाले.

"भाकर खाता?" डॉक्टरांनी आत्याबाईंना विचारलं.

"खातो," आत्याबाई म्हणाल्या. आमच्याकडे बायाही असंच बोलतात.

"घागर उचलता?"

"उचलतो."

"आणखी काही त्रास?"

"हाय ना. हे पोरगी." आत्याबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "मी खोकलली का हिचा जीव जाते. निजली का नाकापाशी हात धरते. तिले वाटते मले दिसत नाई. जेवत नाई, खात नाई. माही आन मोडली न तिनं, म्हनून भेते थे. मी मरन म्हनून."

डॉक्टर माझ्याकडे पाहतच राहिले. "मग याला औषध काय?"

"तुमच्यापाशी नाई थे." त्या माझ्याकडे वळल्या. दवाखान्यातल्या त्या सकाळनंतर त्यांनी पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत पाहिलं. "सुटली," त्या म्हणाल्या. "सुटली वं माय, माही आन. आता पोटभर जेवत जाय."

मी तिथेच त्यांच्या मांडीवर डोकं टेकवून मोठ्यानं रडले. त्यांचा खरबरीत हात माझ्या पाठीवर फिरत होता. तेवढ्यात दाराबाहेर जावई खाकरले. "येऊ का आत?"

आत्याबाईंनी पदर नाकापर्यंत ओढला. पण या वेळी त्या भिंतीला काही बोलल्या नाहीत. दाराकडे तोंड करून म्हणाल्या, "या ना बापा. तुमच्यापासून आता काय लपून राह्यलं!"